मेंदी कुणाची रंगते

मागच्या वर्षी एकाच दुपारी, एकाच वाडग्यातल्या मेंदीने मी दोघींचे हात रंगवले. एक माझी भाची, वय एकवीस, हात असे की जाहिरातीत द्यावेत. दुसरी मावशी, सत्तरी कधीच ओलांडलेली, उभं आयुष्य कुंड्या, माती आणि खुरपं यात गेलेलं, आणि भांडी अजूनही स्वतःच घासणार, मशीन आणून दिलं तरी. भाचीच्या हातांवर मी सलग अडीच तास बसले होते. कोपराच्या जरा अलीकडपर्यंत, आतून बाहेरून, जाळी, कोयऱ्या, तळव्यात कमळ, बोटांच्या प्रत्येक पेराला वेगळी बुट्टी. मान धरली, कंबर धरली, पण काम असं उतरलं होतं की मी स्वतःच वीसेक फोटो काढून ठेवले. मग मावशी येऊन बसली, हात पुढे केला आणि म्हणाली, "ते वेलबिल काही नको गं मला. मधे एक गोल दे आणि बोटांची टोकं भर. बास."

खरं सांगते, मला राग आला. मी तीन कोन बाजूला ठेवले होते तिच्यासाठी. दोन मिनिटांत काम संपलं, नक्षी अशी काही नाहीच, नुसता लपका.

तिसऱ्या दिवशी दोघींचे हात शेजारी शेजारी. भाचीचे तळवे बरे रंगले होते, पण हाताच्या मागच्या बाजूला नुसता फिकट नारिंगी रंग, कोपराकडे तर जाळी शोधायला लागत होती. आणि मावशीचा तो गोल? गर्द. जवळजवळ काळाच, कडेला तांबूस झाक, आणि बोटांची टोकं तर असं वाटत होतं की कुणी मुद्दाम दोन हात दिलेत रंगाचे. जो येतो तो मावशीचा हात हातात घेऊन बघतोय. भाचीचा चेहरा पडला. मग कुणीतरी ते नेहमीचं वाक्य टाकलंच, की ज्याच्यावर प्रेम जास्त त्याची मेंदी जास्त रंगते, आणि मावशी तळवा उलटासुलटा करत म्हणाली, "मग माझ्यावर घासणीचं प्रेम दिसतंय फार."

सगळे हसले. पण मावशी शंभर टक्के बरोबर होती.

म्हणजे बघा, मेंदीचा रंग जिवंत कातडीला लागतच नाही. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा जो थर असतो तो मेलेल्या पेशींचा असतो, चपट्या चपट्या, एकावर एक रचलेल्या, केराटिन नावाच्या प्रोटीनने भरलेल्या. मेंदीतला रंग त्या केराटिनला जाऊन चिकटतो, नुसता वर बसत नाही तर रासायनिक बंध तयार होतो, म्हणून साबणाने जात नाही. तो थर जेवढा जाड तेवढा रंग खोल उतरायला जागा जास्त. तळव्याला आणि पायाच्या तळाला हा थर शरीरात सगळ्यात जाड, आणि जिथे घासलं जातं, दाबलं जातं, तिथे तो आणखी जाड होतो. हाताच्या मागे पातळ. कोपराकडे त्याहून पातळ. त्यामुळे तुम्ही कितीही जीव ओता, एकच मेंदी तळव्यावर गर्द, मनगटावर मध्यम आणि वर वर जात फिकट होणार. मावशीच्या तळव्यावर पन्नास वर्षांच्या कामाचा थर होता, मी त्यात फक्त रंग ओतला. भाचीने तर सकाळी आंघोळीनंतर छानपैकी लोशन चोपडलं होतं, हे तिने मला नंतर सांगितलं. लोशनचा थर मधे आला की रंग आत जाणार कुठून. तळव्याला तैलग्रंथी नसतात, तोही तळव्याचा एक फायदा, पण आपण वरून तेलकट काही लावलं तर तो फायदा गेला.

झाडाचं शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस. लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये आयझॅक लॉसन या स्कॉटिश डॉक्टर मित्राच्या नावावरून ते ठेवलं. इनर्मिस म्हणजे निःशस्त्र, काटे नसलेलं, आणि गंमत अशी की जुन्या झाडाच्या फांद्यांची टोकं चांगली टोचरी होतात. आणि हे झाड डाळिंबाच्या कुळातलं आहे हे कळल्यावर मला उगाचच आनंद झाला होता, कारण विचारू नका. रंग देणारं जे द्रव्य आहे त्याला लॉसोन म्हणतात, वाळलेल्या चांगल्या पानात साधारण १ ते २ टक्के. अक्रोडाची ओली हिरवी साल सोलताना ज्याचे हात काळे झालेत त्याने लॉसोनच्या भावाला हात लावलाय असं समजा, जुग्लोन त्याचं नाव, दोघांचे अणू अगदी तेवढेच, फक्त एक जोडी वेगळ्या जागी बसलेली.

पण लॉसोन पानात तयार बसलेला नसतो. तो साखरेच्या रेणूला बांधलेला असतो, कुलपात. पान चुरडलं, ओलं झालं, थोडा आंबटपणा मिळाला की ते कुलूप उघडतं आणि मोकळं झालेलं द्रव्य हवेशी जुळवून घेत लॉसोन होतं. मेंदी "भिजवून ठेवायची" असते ती या कुलपासाठी. आणि हे ज्याला समजलं त्याची अर्धी मेंदी तिथेच जमली, बाकी नक्षी कुणीही शिकतं.

हो, मी हे म्हणतेय, जिने पहिली चार वर्षं फक्त नक्षीच केली. वह्याच्या वह्या भरल्या कोयऱ्यांनी. लोक तयार कोन आणायचे आणि मी काढून द्यायचे. आत काय आहे हा प्रश्न मला पडलाच नाही. का पडला नाही ते आता सांगते, जरा लाजिरवाणं आहे.

विशी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. एक कोन मिळाला, काळी मेंदी, अर्ध्या तासात रंग, मग धुऊन टाका. मी खूश. स्वतःच्या डाव्या मनगटावर एक वेल काढली, झकास काळीभोर उतरली, चार दिवस मिरवली. काही झालं नाही. दोन-तीन महिन्यांनी परत तोच प्रकार लावला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाज सुटली, तिसऱ्या दिवशी सकाळी वेल उभी राहिली होती. उभी म्हणजे शब्दशः उभी, पान न पान, ठिपका न ठिपका, फुगून वर आलेला, पाणी भरलेला. माझी रेष इतकी सफाईदार कधीच दिसली नव्हती, हे मी रडता रडता बघितलं होतं. त्वचेच्या डॉक्टरांनी पाहिल्या पाहिल्या सांगितलं, आणि नंतर पॅच टेस्टने (त्वचेवर थोडंसं लावून ॲलर्जी तपासतात ती) नक्की झालं, पीपीडी. पॅराफेनिलिनडायअमीन. केसांच्या गडद डायमध्ये असतं ते. युरोपात केसांच्या डायमध्ये जास्तीत जास्त २ टक्के चालतं आणि त्वचेवर लावायला परवानगीच नाही. पण काळ्या मेंदीच्या नावाखाली जे विकलं जातं त्यात किती आहे हे कोण मोजतंय. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या (म्हणजे काही लागल्याने त्वचेला येणाऱ्या खाज-सुजेच्या) डॉक्टरांच्या सोसायटीने २००६ साली पीपीडीला "वर्षातला ॲलर्जन", म्हणजे ॲलर्जी देणारा पदार्थ, म्हणून निवडलं होतं. पुरस्कार म्हणा ना.

यातली खरी वाईट गोष्ट फोड नाहीत. फोड बरे झाले, डाग वर्षभराने गेला. पण शरीर एकदा पीपीडीला ओळखायला लागलं की आयुष्यभर विसरत नाही. पहिल्यांदा काही झालं नाही म्हणून आपण निर्धास्त, आणि तेव्हाच शरीर आत नोंद करून ठेवत असतं. आज चाळिशीत केस पांढरे झाले तर मला साधा डाय लावता येत नाही, भूल देण्याच्या काही औषधांबद्दलसुद्धा दरवेळी डॉक्टरांना आधी सांगायला लागतं. मनगटावरच्या चार इंचाच्या वेलीचं हे भाडं मी अजून भरतेय.

तर मेंदी काळी नसते. हे एक वाक्य मी भेटेल त्याला ऐकवते, लोक कंटाळलेत. लॉसोन नारिंगी ते तांबडा ते गडद तपकिरी, एवढाच त्याचा पल्ला. तळव्यावर दोन दिवसांनी काळपट दिसेल इतका गडद होऊ शकतो, पण लावल्या लावल्या अर्ध्या तासात काळा? नाही. पांढरी मेंदी तर मेंदीच नाही, तो चिकट रंग आहे त्वचेवर बसवलेला, फोटोपुरता छान दिसतो. आणि "केसांसाठीची काळी मेंदी" म्हणून जी मिळते त्यात बरं असलं तर निळीच्या झाडाच्या पानांची पावडर असते, नाही तर परत तेच पीपीडी. वाचा पाकीट. आणि पाकिटावर काहीच लिहिलेलं नसेल तर सोडून द्या.

एक आणखी, नंतर विसरेन म्हणून. तान्ह्या बाळांना मी मेंदी लावत नाही, कितीही आग्रह झाला तरी. शुद्ध मेंदीसुद्धा नाही. काहींच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, जन्मतः, आणि अशा बाळांना लॉसोनने लाल पेशी फुटून गंभीर त्रास झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. लोकांना राग येतो, एक ठिपका तर दे म्हणतात. नाही देत.

त्या फोडांनंतर दोन वर्षं कोन हातात धरला नाही. मग परत सुरू केलं ते पावडरपासून.

पावडरचं पहिलं परीक्षण नाकाने. ताजी असेल तर वाळलेल्या गवताचा, ओल्या मातीचा असा मिळून वास, आणि रंग हिरवा, पण भडक हिरवा नाही, भडक असेल तर त्यात काहीतरी घातलंय. जुनी झाली की ती खाकी, मळकट दिसायला लागते, मग तिचा रंगही तसाच मळकट. केसांची पावडर वेगळी, ती जाडसर असते, त्यात देठाचे, शिरांचे बारीक धागे, ते कोनच्या टोकात अडकले की ऐन कोयरीच्या वळणावर थुंकल्यासारखी मेंदी बाहेर. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातलं सोजत हे मेंदीचं मोठं नाव, सोजतच्या मेंदीला २०२१ मध्ये जीआय टॅग मिळाला. कोरडी हवा, कमी पाऊस, कडक ऊन, आणि झाड असं की एकदा लावलं की वर्षानुवर्षं कापत राहा. ज्या हवेत बाकी झाडं माना टाकतात तिथे मेंदी पानात रंग साठवते.

माझं प्रमाण १०० ग्रॅम पावडरला ३० ग्रॅम साखर, ३० मिली टी ट्री किंवा लॅव्हेंडरचं इसेन्शियल ऑइल, आणि पाणी किंवा लिंबाचा रस साधारण ३०० मिली, पण हे सगळं एकदम नाही. आणि पाणी किती हे पावडर ठरवते, तुम्ही नाही. साखर गोडीसाठी नाही हे उघड आहे, ती ओलावा धरून ठेवते, सुकल्यावर मेंदी पोपडे होऊन पडत नाही आणि रेषेला तार येते. तेलातलं टर्पिन नावाचं द्रव्य रंग गडद करायला खरंच मदत करतं, ते वासासाठी नाही. लवंगेचं तेल घालू नका, कितीही कुणी सांगितलं तरी, कातडी भाजते त्याने. चहाचं पाणी, कॉफी वगैरे मी सगळं करून बघितलंय, मेंदीला चहाचा वास आला, बाकी फरक मला तरी दिसला नाही. लिंबाचंही आता माझं प्रेम कमी झालंय, लिंबाने रंग हळूहळू सुटतो आणि टिकतो, हे खरं, पण त्वचा कोरडी पडते. घाई असेल तर पाणी, दोन दिवस काम चालणार असेल तर लिंबू.

आधी घट्ट कालवायचं, गुठळ्या असू द्या, मग प्लास्टिकची फिल्म थेट मेंदीवर टेकवून झाकायचं, हवेला जागा ठेवायची नाही. आणि ठेवून द्यायचं. आता ही वेळ कुणी तुम्हाला "आठ तास" म्हणून सांगितली तर ऐकून घ्या पण घड्याळ बघू नका, मेंदी बघा. उन्हाळ्यात सकाळी भिजवलेली संध्याकाळी तयार, थंडीत पूर्ण दिवस गेला तरी झोपलेली. वरचा थर तपकिरी झाला आणि बोटाने उकरलं की आतून हिरवी, तर ती जागी झाली समजा. मग तळव्यावर एक ठिपका, पाच मिनिटं, पुसा. स्वच्छ नारिंगी डाग पडला तर झालं. मी एकदा ऐन गरमीत भिजवली आणि पाहुणे आले त्या गडबडीत दीड दिवस विसरले, उघडली तर वरून खाली सगळी तपकिरी. ठिपका दिला तर चहा सांडल्यासारखा डाग. कुलूप उघडलं होतं आणि माल संपलाही होता. तशीच टाकली, जीव तुटला.

रंग सुटला की मग उरलेलं पाणी चमचा चमचा घालत सैल करायची. कुठवर? चमचा उचलला तर थेंब थेंब पडता कामा नये, सलग तार पडली पाहिजे आणि ती तार वाडग्यात पडल्यावर क्षणभर वर दिसली पाहिजे, मग बुडाली पाहिजे. एकतारी पाकाची सवय आहे त्याला हे सांगायला लागत नाही. मग नायलॉनच्या जुन्या मोज्यातून गाळायची. हो, मोज्यातून. धुतलेल्या. हे बघून आमच्याकडच्या एकाने मेंदी लावायचाच बेत रद्द केला होता, पण त्याशिवाय बारीक टोकातून मेंदी सुरळीत येत नाही. कोन भरून उरलेले फ्रीझरमध्ये, तिथे ते महिनोन्‌महिने राहतात, बाहेर टेबलावर फार टिकत नाहीत.

आता रेषेबद्दल. नवशिके सगळे (मीही) कोन पेनसारखा धरतात आणि टोक त्वचेला टेकवून ओढतात. रेष चपटी होते, कडा फाटतात, हात थरथरला की रेषही थरथरते. मला एका बाईंनी, ज्या अख्खा हात पंधरा मिनिटांत भरायच्या, एकच गोष्ट दाखवली. त्यांनी टोक त्वचेला एकदाच टेकवलं, मेंदीचा बारीक मणी चिकटवला, आणि कोन वर उचलला. चांगला बोटभर वर. मेंदीची तार हवेत लोंबतेय, आणि त्या कोन पुढे नेतायत, आणि तार मागोमाग स्वतःच्या वजनाने हातावर येऊन पडतेय, दोरा ठेवावा तशी. शेवटी टोक खाली टेकवलं, तार तुटली, रेष संपली. सरळ, गोल, फुगीर रेष. "ओढू नकोस," म्हणाल्या, "सोड." मला ते जमायला तीन महिने गेले. दाब अंगठ्याचा, वेग मनगटाचा, आणि या दोघांचं जमलं नाही तर एकतर तार तुटते नाहीतर गुंडाळी होऊन पडते. थेंबाच्या पाकळीचं उलट, तिथे आधी दाबून फुगवटा द्यायचा आणि मग दाब सोडत टोक ओढायचं, आणि दाब सोडायला अर्धा क्षण उशीर झाला की पाकळीची बेडकी होते. माझ्या जुन्या फोटोंत बेडक्याच बेडक्या आहेत.

आणि फुगीर रेष नुसती दिसायला छान म्हणून नाही. जाड रेष उशिरा सुकते, म्हणजे जास्त वेळ ओली राहते, म्हणजे जास्त वेळ रंग देते. केसासारख्या बारीक रेषांची नक्षी काढल्यावर सगळे अचंबित होतात आणि तीच आधी सुकते, आधी गळते, फिकट रंगते. कोपराकडच्या पातळ कातडीवर मी बारीक जाळी भरली होती भाचीच्या. म्हणजे तिथे दोष माझाच होता. लोशनवर ढकललं मी ते तेव्हा, इथे कबूल करते.

मोरोक्कोत अनेक जणी कोनच वापरत नाहीत, इंजेक्शनची सिरिंज वापरतात, सुई बोथट केलेली. तिथली नक्षी भौमितिक, चौकोन, समभुज, त्रिकोण, काटकोनात वळणाऱ्या रेषा, आणि सिरिंजमधून सारख्या जाडीची रेष निघते ती त्या नक्षीला शोभते. आखाती देशांत मोठी फुलं, लांब वेली, मधे मोकळी त्वचा सोडलेली. सुदानमध्ये ठसठशीत, भरीव, गडद. आपल्याला सवय एक इंचही मोकळा न सोडण्याची, आणि मला अलीकडे ती मोकळी जागा जास्त आवडायला लागलीय, रंग दिसायला मोकळं काहीतरी लागतं शेजारी. पण हे बोलले की मुली म्हणतात, ताई, तुमचं वय झालं.

इजिप्तच्या ममींच्या केसांवर आणि नखांवर मेंदी सापडलीय, इतकी ही गोष्ट जुनी. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने मेंदीची परंपरा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, १६ अरब देशांनी मिळून ते नामांकन दिलं होतं, मॉरिटेनियापासून ओमानपर्यंत. बातमी वाचून इकडे बऱ्याच जणांना राग आला, की आमची मेंदी तुमची कशी. मला काही राग नाही आला. झाडाला कोरडी हवा लागते, ती जिथे जिथे आहे तिथल्या बायकांनी पान चुरडून बघितलं असणार आणि हात लाल झालेले बघून हसल्या असणार. मी जुने फोटो, चित्रं बघत बसले होते त्या बातमीनंतर, वेगवेगळ्या देशांतले, आणि परत परत एकच हात दिसत होता. तळव्यात एक भरलेला गोल आणि बोटांची टोकं बुडवलेली. सिरिंजच्या आधीचा, कोनच्या आधीचा, काडीच्याही आधीचा. मावशीचा हात. मी ज्याला लपका म्हणून नाक मुरडलं होतं तो.

आणि तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर त्या लपक्यात चुकायला जागाच नाही. सगळ्यात जाड कातडीची जागा निवडलेली, मेंदीचा थर जाड, सुकायला तासन्‌तास, मूठ मिटून ठेवली की हाताची ऊबही आत कोंडलेली. ऊब फार महत्त्वाची, गार पडलेले हात रंगत नाहीत. लवंगांची धुरी देतात ना सुकलेल्या मेंदीला, त्यात लवंगेपेक्षा ऊब आणि वाफ काम करते असं माझं मत. लिंबू-साखरेचं पाणी कापसाने टिपतात तेही मेंदी ओली आणि चिकटलेली राहावी म्हणून, पण बेताने, मी एकदा उत्साहात इतकं टिपलं की अख्खा मोर वितळून मनगटावरून वाहत गेला.

काढायची तीही पाण्याने नाही, हे मी हात जोडून सांगते. बोथट कडेने खरवडा, दोन तळवे एकमेकांवर चोळा, थोडं तेल लावा, आणि दिवसभर पाणी टाळता येईल तेवढं टाळा. खरवडल्यावर हात भोपळ्याच्या रंगाचा दिसतो आणि दरवेळी कुणीतरी मला रडवेला फोन करतं की रंगलीच नाही. थांब, म्हणते मी. लॉसोन हवेशी जुळवून घेत गडद होत जातो, पूर्ण रंग यायला दोन दिवस लागतात. लग्नाची मेंदी आदल्या रात्री काढायला बोलावतात ना, त्यांना मी सांगून थकले, दोन दिवस आधी बोलवा, नाहीतर फोटोत तो भोपळाच येणार.

माझ्या केसांनाही मी हीच मेंदी लावते, दुसरा मार्गच नाही उरलेला. पांढरे केस तांब्याच्या तारेसारखे चमकतात आणि काळे तसेच राहतात, म्हणजे डोक्यावर पट्टेपट्टे. आधी लाज वाटायची. आता कुणी विचारलं कुठून हायलाइट्स करून घेतले तर मी गूढ हसते.

भाचीचा हात दहा-बारा दिवसांत कोरा झाला. आधी कडा गेल्या, मग मधे मधे तुकडे, पाच-सहा दिवस तर हात असा दिसत होता की काही त्वचेचा आजार झालाय, कारण वरच्या पेशी रोज थोड्या थोड्या झडतच असतात आणि रंग त्यांच्याबरोबर जातो. मावशीचा गोल तीन आठवडे टिकला, मग भांड्यांनीच तो खाल्ला, ज्यांनी रंगवला त्यांनीच.

पण बोटं बुडवली होती ना. नखंही रंगली होती. नखसुद्धा केराटिनच, आणि ते झडत नाही, पुढे सरकतं, महिन्याला साधारण ३ मिलिमीटर. त्यामुळे मुळाशी पांढुरकी कोर दिसायला लागली, मग अर्धं नख साधं आणि अर्धं तांबडं, मग टोकाला नुसती एक किनार. मावशी दर दोन-तीन आठवड्यांनी व्हिडिओ कॉलवर अंगठा कॅमेऱ्याच्या इतका जवळ धरायची की स्क्रीनवर सगळं धूसर, आणि म्हणायची, "दिसतंय का? अजून आहे." मला काही दिसायचं नाही. दिसतंय म्हणायचे मी.

मग एका सकाळी फोन. साधा, व्हिडिओ नाही. मागे नळ चालू होता, भांड्यांचा आवाज येत होता. म्हणाली, "अगं, आज नखं कापली. शेवटचा तुकडा होता अंगठ्याचा. कागदावर काढून ठेवलाय, म्हटलं तुला विचारावं टाकू का."

मी म्हटलं टाक की, त्यात काय विचारायचं.

"नाही, तू पैसे घेतेस ना आता मेंदीचे," ती म्हणाली आणि नळ बंद केला.